नांदेडचा रस्ता, लातूरची बस

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आजच्या विषयात एक शब्द आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करतो. ‘शाश्वत प्रवासाला प्रोत्साहन’. यातलं ‘प्रोत्साहन’ मला खटकतं. प्रोत्साहन कुणाला देतात? जो एखादी गोष्ट करत नाही, त्यानं ती करावी म्हणून. म्हणजे असं गृहीत धरलंय की आपल्या गावात सगळे मोटारीत बसलेत आणि महापालिकेनं त्यांना समजावून सायकलवर बसवायचंय.

आता नांदेडात सकाळी उभं राहून बघा. मोंढ्याकडं जाणारा हमाल पायी निघालेला असतो. सिडको-हडकोकडून गोदावरी ओलांडून कामाला येणारी बाई ऑटोत चौथी सीट म्हणून अंग चोरून बसलेली असते. लातुरात उद्योग भवनाच्या बाजूला, ज्याला आपण सगळे ‘ट्यूशन एरिया’च म्हणतो, तिथं गावोगावची लेकरं पाठीला दप्तर लावून पायी किंवा सायकलवर निघालेली असतात. ही माणसं आधीच शाश्वत प्रवास करतात. त्यांना प्रोत्साहन नको, संरक्षण पाहिजे. चालायला जागा पाहिजे, उभं राहायला सावली पाहिजे आणि वेळेवर येणारं वाहन पाहिजे. ते मिळालं नाही, की हीच माणसं पैसे साठवतात, कर्ज काढतात आणि हप्त्यावर मोटारसायकल घेतात. मग आपण म्हणतो, गाड्या फार झाल्या.

तेव्हा आज मी टीका करणार आहे, पण दोष द्यायचा म्हणून नाही. पुस्तकाचं परीक्षण करताना लेखकाला काय करायचं होतं, त्यानं काय केलं आणि कुठं हुकलं, हे आपण बघतो. तसं मराठवाड्यातल्या दोन सार्वजनिक कामांचं परीक्षण करू. एक नांदेडचा रस्ता, दुसरी लातूरची बस.

नांदेडचा रस्ता

डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारनं जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केलं. महाराष्ट्रातली पाच नावं त्या यादीत होती : बृहन्मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड. पहिल्या चार नावांचं कुणाला नवल वाटत नाही. नांदेड तिथं पोचलं ते त्याच्या धार्मिक, ऐतिहासिक महत्त्वामुळं. ऑक्टोबर २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा होता. देशभरातून, परदेशातून भाविक येणार होते. त्यासाठी शहर तयार करायचं होतं.

दिल्लीतलं ‘दिल्ली हाट’ ज्यांनी उभं केलं, ते वास्तुरचनाकार प्रदीप सचदेवा नांदेडच्या रस्त्यांच्या आराखड्याशी जोडलेले होते. आराखड्यातला विचार त्या काळाच्या मानानं फार पुढचा होता. आपल्याकडं रस्ता करायचा म्हणजे काय? मधला डांबरी पट्टा जितका रुंद होईल तितका करायचा आणि उरलेल्या मातीला फुटपाथ म्हणायचं. नांदेडला उलटं केलं. मोटारींना लागेल तेवढी, सारख्या रुंदीची जागा दिली आणि बाकीची जागा वाटून टाकली. पायी चालणाऱ्याला फुटपाथ, सायकलीला वेगळा पट्टा, मध्ये झाडं, बसायला जागा. मराठवाड्यातल्या मध्यम शहरात सायकलीसाठी वेगळा पट्टा, तोही २००८ च्या सुमाराला! सायकल मार्गाचा विचार मोठ्या शहरांतही तेव्हा नवखाच होता. भारतातल्या रस्त्यांच्या रचनेवर लिहिणारे लोक पुढं बरीच वर्षं नांदेडचे फोटो दाखवत होते.

आज तेच रस्ते बघा. सायकलीच्या पट्ट्यावर मोटारसायकली उभ्या दिसतात, दुकानाची पाटी दिसते, कुठं वाळूचा ढीग. मग लगेच निष्कर्ष निघतो : ‘आपल्या लोकांना शिस्त नाही, सायकल ट्रॅक आपल्याकडं चालत नसतो.’

हा निष्कर्ष मला मान्य नाही. काम फसलं कशामुळं, त्याची तीन कारणं मला दिसतात आणि शिस्त त्यात शेवटी येते.

पहिलं कारण पैशाचं. दहा लाखांच्या आतल्या शहरांसाठी त्या अभियानात खर्चाची वाटणी अशी होती : केंद्र ८० टक्के, राज्य १० टक्के, महापालिका १० टक्के. म्हणजे रस्ता बांधताना नांदेडच्या तिजोरीतून रुपयातले दहा पैसे गेले. बांधून झाल्यावर देखभाल कुणाची? शंभर टक्के महापालिकेची. रस्ता दहा पैशात आला आणि त्याची निगा रुपयात आली. फरशी उखडली, झाड वाळलं, खांब वाकला, तर दिल्लीहून कुणी येत नाही. दारात हत्ती बांधून मिळाला, चाऱ्याचं मात्र कुणी बोललं नाही, असा हा व्यवहार होता.

दुसरं कारण पार्किंगचं. नव्या रुंद रस्त्यांवर दुकानं वाढली, दवाखाने वाढले, मंगल कार्यालयं वाढली. इमारतीच्या नकाशात पार्किंग असतं. प्रत्यक्षात त्या तळघरात दुकान किंवा गोदाम, हा प्रकार आपल्या शहरांना नवा नाही. मग गिऱ्हाईक गाडी कुठं लावणार? समोर जो सपाट, मोकळा पट्टा दिसतो तिथं. तो सायकलीचा असतो. म्हणजे सायकल मार्ग मोडला तो रस्त्यावर नाही, नगररचना विभागाच्या टेबलावर मोडला. भोगवटा प्रमाणपत्र देताना तळघर उघडून बघितलं असतं, तर निम्मा प्रश्न तिथंच सुटला असता.

तिसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. तो रस्ता तारखेसाठी बांधला होता, सवयीसाठी नाही. सोहळ्याला पाहुणे येणार म्हणून घर रंगवावं, तसं. पाहुणे गेल्यावर घरच्यांना त्या रस्त्याचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही आणि विचारलंही नाही. कुठल्या शाळेतली किती पोरं सायकलवर येतात, ती कुठल्या चौकात अडतात? सायकल मार्गाची परीक्षा सरळ पट्ट्यात होत नसते, चौकात होते. अर्धा किलोमीटर सुरक्षित नेऊन चौकात ट्रकच्या तोंडी सोडणारा मार्ग आई-बाप आपल्या पोरीला वापरू देणार नाहीत. आणि त्यांचं बरोबर आहे.

नांदेडच्या रस्त्याबद्दल माझं मत एका वाक्यात सांगतो. रचना उत्तम होती, पण तिच्यावरून धावायला बस नव्हती आणि तिला सांभाळायला धनी नव्हता. एवढ्या चांगल्या रस्त्यावर शहराचा खरा भार आजही ऑटोच वाहतात. स्टेशनवर उतरलेल्या यात्रेकरूला न्यायला गुरुद्वाऱ्याची मोफत बस उभी असते, ही नांदेडची फार चांगली गोष्ट आहे. पण त्याच स्टेशनवर उतरलेल्या नांदेडच्या माणसानं घरी कसं जायचं, या प्रश्नाचं उत्तर अजून ऑटोवाल्याकडंच आहे.

लातूरची बस

आता लातूर. २०११ च्या ऑक्टोबरात लातूरची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या पुढं होती. २०२१ साली या तरुण महापालिकेनं शहर बस महिलांसाठी मोफत केली. राज्य सरकारनं एसटीत महिलांना अर्धं तिकीट दिलं ते मार्च २०२३ मध्ये, म्हणजे लातूर त्याच्याही आधी.

या निर्णयाचं मोल मोठं आहे, ते आधी मान्य करू. घरात एक मोटारसायकल असेल तर ती कुणाची असते? घरातल्या पुरुषाची. बाई मागच्या सीटवर, तीही त्याला वेळ असेल तर. मुलीला क्लासला, सुनेला दवाखान्यात, आईला बाजारात जायचं तर कुणाची तरी वाट बघावी लागते. मोफत बस म्हणजे त्या बाईला कुणाची परवानगी न घेता, कुणाकडं दहा रुपये न मागता घराबाहेर पडता येणं. वाहतुकीच्या भाषेत याला सवलत म्हणतात. मी याला मोकळीक म्हणतो.

पण परीक्षण करायचं तर पुढं जावं लागेल. बसनं जायचं की नाही हे माणूस चार गोष्टींवरून ठरवतो. बस किती वेळानं येते, कुठं उभं राहायचं, शेवटची बस किती वाजता आणि तिकीट किती. यातला चौथा प्रश्न महापालिकेनं सोडवला. पहिले तीन सोडवले नाहीत, तर चौथ्याचा उपयोग अर्धाच. दहा रुपये वाचले पण पाऊण तास उन्हात गेला, तर रोजंदारीवरच्या बाईला तो सौदा परवडत नाही. संध्याकाळचा क्लास सुटायच्या आधी शेवटची बस गेली असेल, तर त्या विद्यार्थिनीसाठी बस मोफत नाही, बस नाहीच.

आणि पैसे कोण देणार? शेजारी बघा. कर्नाटकात जून २०२३ मध्ये, तेलंगणात डिसेंबर २०२३ मध्ये महिलांचा बस प्रवास मोफत झाला. आपल्या उदगीरच्या, देगलूरच्या, धर्माबादच्या लोकांना हे रोज दिसतं, कारण हद्द ओलांडली की नियम बदलतो. तिथं बाईला शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतात. ते कशासाठी? मोजणीसाठी. किती बायका बसल्या हे मोजलं जातं आणि त्या हिशेबानं राज्य सरकार बस महामंडळाला पैसे देतं. लातूरचा निर्णय महापालिकेचा, म्हणून ओझंही महापालिकेचं. पावणेचार लाखांच्या गावाची महापालिका, जिथं एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तिच्यापुढं पाण्याची पाइपलाइन आणि बस अशी निवड आली तर बसचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

दुसरी गोष्ट. बसला रस्त्यावर काही मान नाही. ती मोटारींच्या आणि ऑटोंच्या मागं उभी राहते. थांब्यापुढं गाड्या लावलेल्या असतात म्हणून रस्त्याच्या मधोमध थांबते. म्हातारी माणसं खाली उतरून चालत्या गाड्यांमधून फुटपाथ गाठतात. बसमध्ये चाळीस माणसं आहेत आणि पुढच्या मोटारीत एक आहे, हे सिग्नलला कळत नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटलंय की रस्त्याची जागा वाहनांना नाही, माणसांना वाटायची. धोरणाला वीस वर्षं होत आली, चौकात मात्र वाहनंच मोजतात.

म्हणजे बघा, नांदेडनं रस्ता केला आणि बस विसरलं. लातूरनं बस फुकट केली आणि रस्ता विसरलं. राष्ट्रीय महामार्ग ३६१ नं जोडलेली ही दोन गावं एकमेकांकडून अर्धं-अर्धं शिकली असती, तर मराठवाड्यात एक पूर्ण उदाहरण तयार झालं असतं.

बस ऐच्छिक, रस्ता बंधनकारक

असं का होतं? अधिकारी नालायक आहेत म्हणून? मला तसं वाटत नाही. कायदा उघडून बघा.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम मूळ १९४९ चा. त्याच्या कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्यं आहेत. त्यात रस्ते बांधणं, दुरुस्त करणं येतं. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कर्तव्यं आहेत, म्हणजे महापालिकेला वाटलं तर करायची. लोकांसाठी बस चालवणं या दुसऱ्या यादीत आहे. म्हणजे ज्याच्याकडं गाडी आहे त्याची सोय बंधनकारक आणि ज्याच्याकडं गाडी नाही त्याची ऐच्छिक. हे मुद्दाम कुणी केलं असेल असं मी म्हणत नाही. १९४९ साली शहरं लहान होती, माणसं चालत होती. पण आज त्याचा अर्थ हाच होतो.

आणि गंमत म्हणजे, सार्वजनिक बस ही मराठवाड्याला बाहेरून शिकवायची गोष्ट नाही. आपण तेव्हा हैदराबाद संस्थानात होतो. निजामाच्या रेल्वेनं जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांवर आपला रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. मुंबई राज्यात पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ ला. सोळा वर्षं आधी.

आता ‘वाहतूक व्यवस्थापन’ म्हणजे कोण ते बघू. रस्ता महापालिकेचा, पण शहरातून जाणारा मोठा रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा. सिग्नल महापालिका बसवते, चालवतात वाहतूक पोलीस, आणि ते जिल्हा पोलीस अधीक्षकांचे. ऑटोचा परवाना आरटीओचा. ऑटोचं भाडं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं. बसस्थानक एसटी महामंडळाचं. वीज बंद पडली तर सिग्नल महावितरणचा. एका चौकाला सहा-सात मालक आणि चौकात उभ्या माणसाला एकही नाही. त्यात २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासकांनी कारभार बघितला. वॉर्डातल्या माणसानं थांब्यावर शेड मागायची तर कुणाच्या दारात जायचं?

ऑटोला गुन्हेगार ठरवू नका

‘कुठं जायलाव, बसा की, एकच सीट कमी हाय!’ हे वाक्य नांदेडात आणि लातुरात ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही. ऑटोबद्दल आपण सगळे कुरकुरतो. कुठंही थांबतात, सवारी कोंबतात. खरंय. पण दोन्ही शहरांची खरी सार्वजनिक वाहतूक तीच आहे.

२०१७ मध्ये राज्यानं ऑटोच्या परवान्यांवरची मर्यादा उठवली. परवाने वाढले, पण त्या प्रमाणात ऑटो थांबे वाढले का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ मध्ये वाहनं उभी करायच्या जागा ठरवायची तरतूद आहे, आणि ती स्थानिक प्राधिकरणाशी बोलून ठरवायची. जागा ठरवलीच नाही तर ऑटोवाला चौकाच्या तोंडाशी उभा राहणार, कारण सवारी तिथं मिळते. मग पोलीस दंड करणार, तो दंड भरून काढायला पाचवी सवारी बसणार. हे चक्र शिस्तीच्या भाषणानं तुटत नाही. ठरलेला मार्ग, ठरलेलं प्रतिसीट भाडं, चौकापासून थोडं पुढं आखलेला थांबा, एवढं दिलं तर हाच ऑटो बसला पूरक होतो. बसनं मुख्य रस्ता धरावा, ऑटोनं गल्ली धरावी.

सोळा रस्त्यांची गोलाई

लातूरच्या गंजगोलाईचं बोललं पाहिजे. १९१७ मधली वास्तू, फैयाजुद्दीन यांचा आराखडा. मध्ये जगदंबेचं मंदिर, भोवती गोल दुमजली बाजार आणि त्याला मिळणारे सोळा रस्ते. प्रत्येक रस्त्याचा आपला माल, कुठं सोनं, कुठं चपला, कुठं मिरची, कुठं गूळ. शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीच्या आणि पायांच्या वेगानं केलेली ही नगररचना आहे, आणि फार शहाणी आहे. गाव कुठल्याही बाजूनं आलं तरी बाजारात पोचतं.

आज तिथं कोंडी होते, कारण गोलाई बाजार म्हणून वापरतात त्याबरोबर चौक म्हणूनही वापरतात. ज्याला काही घ्यायचं नाही, फक्त पलीकडं जायचंय, तोही मधून जातो. उपाय काय? हातगाडे हटवा, असं म्हणतात. नेदरलँडमधल्या ग्रोनिंगन गावानं १९७७ मध्ये वेगळं केलं. गावाच्या मध्यभागाचे चार भाग केले. मोटारीनं कुठल्याही भागात जाता येतं, पण एका भागातून दुसऱ्यात थेट जाता येत नाही, बाहेरच्या वळण रस्त्यानं जावं लागतं. सायकलवाला आणि पायी चालणारा मात्र सरळ जातो. पूल बांधला नाही, घर पाडलं नाही, फक्त जायची दिशा बदलली. आज ते गाव सायकलींसाठी जगभर ओळखलं जातं.

लातूरला हे जसंच्या तसं लावा असं मी म्हणत नाही. पण सोळा रस्त्यांच्या गोलाईला याच्याइतका जवळचा धडा दुसरा नाही. आत सगळ्यांनी या, आरपार कुणी जाऊ नका, वळण रस्ता आहे. एक महिना, संध्याकाळी पाच ते नऊ, ड्रम आणि दोऱ्या लावून करून बघा. जमलं नाही तर दोऱ्या सोडा. प्रयोगाला कोट्यवधी लागत नाहीत.

अंतर कुणी वाढवलं?

शेवटचा मुद्दा. वाहतूक रस्त्यावर तयार होत नाही, ती जागा निवडताना तयार होते. नांदेडचं अभियांत्रिकी महाविद्यालय, १९९४ मध्ये झालेलं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, सगळं विष्णुपुरीला, नदीपलीकडं. पूर्वी शहरात असलेला दवाखाना बाहेर गेला तेव्हा इमारतीचं बजेट झालं. रोज डबा घेऊन जाणाऱ्या नातेवाइकांच्या बसचं बजेट झालं का? खेड्यातून एसटीनं नांदेडला आलेला माणूस पुढं विष्णुपुरीला जायला जे पैसे मोजतो, तो रुग्णालयाच्या बिलात कुठं दिसत नाही. पण तो उपचाराचाच खर्च आहे.

लातूरला उलट प्रश्न. तिथं सगळे क्लास एका जागी आणि एकाच वेळी सुटतात. हजारो पोरं एका मिनिटात रस्त्यावर. इथं रस्ता रुंद करायची गरज नाही. बॅचच्या वेळा वीस-वीस मिनिटांनी पुढं-मागं करा. जिल्हाधिकाऱ्यांनी क्लासवाल्यांची एक बैठक घ्यायची, बस. खर्च चहाचा.

आणि एक कारण सरकारी कागदातच आहे. जानेवारी २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा ठरलेल्या मानकात बसत नाही, त्यांच्या यादीत लातूर आहे. ती हवा सगळ्यात जास्त कोण घेतं? बंद काचेच्या मोटारीतला माणूस नाही. फुटपाथवरची ती क्लासची पोरं घेतात, त्यांनी धूर केलेला नसताना.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : सायकल म्हणता, पण आमच्याकडं मे महिन्यात ४२ अंश असतं. कोण चालवणार?*

चालवणारे आजही चालवतातच, त्यांना पर्याय नाही. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच नांदेडच्या आराखड्यात झाडं होती, ती शोभेची नव्हती. मराठवाड्यात सावली हाच रस्त्याचा भाग आहे. रस्ता रुंद करताना पहिलं झाड तोडलं की चालणारा माणूस कमी झालाच. बस थांब्यावर शेड, एक बाक आणि पाण्याचा रांजण असेल तर मे महिन्यातही लोक थांबतात. आपल्या आज्या-पणज्यांना हे कळत होतं, त्या पाणपोई घालत होत्या.

*प्रश्न : फेरीवाले हटवले तर निम्मा रस्ता मोकळा होईल, हे तुम्ही का म्हणत नाही?*

कारण हिशेब तसा येत नाही. एक मोटार उभी करायला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात पाच-सहा हातगाडे बसतात, म्हणजे पाच-सहा घरं चालतात. मोटारवाला ती जागा फुकट वापरतो. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की आधी सर्वेक्षण करा, विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली समिती करा, जागा ठरवून द्या. ते न करता फक्त गाडा उचलायचा, ही कायद्याची अंमलबजावणी नव्हे. फुटपाथवर चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा राहिली पाहिजे, असं भारतीय रस्ते काँग्रेसचं मानक आहे. ती रेघ आखा. रेघेच्या आत गाडा नको, तशी मोटारसायकलही नको. दोघांना एकच नियम.

*प्रश्न : चौकाचौकात उड्डाणपूल झाले तर प्रश्न सुटणार नाही का?*

अँथनी डाउन्स नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९६२ मध्येच लिहून ठेवलंय की गर्दीच्या वेळची वाहतूक रस्त्याच्या क्षमतेइतकी वाढत जाते. मोकळा रस्ता दिसला की जो बसनं जात होता तोही गाडी काढतो. पूल कोंडी संपवत नाही, पुढच्या चौकात नेऊन ठेवतो. महामार्गाची अवजड वाहनं शहराबाहेरून काढायला वळण रस्ता पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण गावातल्या गावात जायला पूल हे उत्तर नाही. आणि पुलाखाली अंधारात रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला विचारा, पूल कुणासाठी बांधला म्हणून.

*प्रश्न : इलेक्ट्रिक बस येणार म्हणतात. त्यानं फरक पडेल?*

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं पीएम ई-बस सेवा मंजूर केली, दहा हजार बसची योजना. तीन लाखांवर लोकसंख्येची शहरं त्यात बसतात, म्हणजे नांदेड आणि लातूर दोन्ही. चांगली गोष्ट अशी की यात नुसती बस देऊन सोडत नाहीत, चालवायलाही दहा वर्षं किलोमीटरमागे मदत आहे. नांदेडच्या रस्त्याला जे मिळालं नव्हतं ते इथं मिळतं. पण धोका ओळखा. किलोमीटरवर पैसे मिळाले की ठेकेदाराला किलोमीटर पळवण्यात रस असतो, सवारी घेण्यात नसतो. रिकामी बस पळाली तरी बिल निघतं. म्हणून करारात वेळापत्रक पाळलं का, थांब्यावर थांबली का, याला दंड पाहिजे. बॅटरीवरची बसही वेळेवर आली नाही तर लोक ऑटोतच बसणार.

*प्रश्न : आमच्यासारख्यांनी काय करायचं?*

एकच काम सांगतो, फुकटचं आहे. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, म्हणजे अगदी फुकट नाही! तीन गोष्टी विचारा. गेल्या महिन्यात ठरलेल्या बसफेऱ्यांपैकी किती झाल्या? गेल्या वर्षी फुटपाथ आणि सायकल पट्ट्याच्या देखभालीवर किती खर्च केला? आणि शहरात मंजूर ऑटो थांबे किती, कुठं-कुठं? उत्तर आलं तर ते वॉर्डाच्या सभेत मोठ्यानं वाचा. ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ असं आलं, तर तेही मोठ्यानं वाचा. ज्या गोष्टीची नोंदच ठेवली जात नाही ती गोष्ट कुणी चालवत नसतं, हे तेवढ्या एका ओळीनं सगळ्यांना कळेल.